परबकाकांचा ब्लॉग

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत एकदा टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी ही नोटीस लागली : ‘उद्या दुपारी अपग्रेडच्या कामानिमित्त माझा ब्लॉग बंद राहील. वाचकांनी सहकार्य करावे. – वि. परब, दुसरा मजला.’

काकांचा ब्लॉग सोसायटीत कुणीच वाचत नव्हतं. वॉचमनने तेवढी चौकशी केली, “काका, पानी भी बंद रहेगा क्या?”

परबकाका रबाळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. जन्मभर मशिनं खोलली, पुसली, पुन्हा जोडली. रिटायर झाले, काकूही गेल्या, तेव्हा त्यांनी कोकणातल्या लहानपणाच्या आठवणी लिहायला ब्लॉग काढला. विषय कोकणाचा, पण भाषा कारखान्याचीच. ब्लॉग हळू उघडला की “गरम झालाय” म्हणायचे आणि लॅपटॉपला कान लावून पंख्याचा आवाज ऐकायचे. कुठल्याही संकटावर त्यांचा उपाय एकच : “आधी लोड काढा.” सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून सेक्रेटरी आणि एक मेंबर हमरीतुमरीवर आले, तेव्हाही हे मागून ओरडले, “दोघांचा आधी लोड काढा!”

नोटिशीप्रमाणे अपग्रेड झालं आणि ब्लॉग गेला. पान उघडलं की नुसतं पांढरंफटक. दोनतीन दिवस काकांनी एकट्यानेच झटापट केली आणि मग माझी बेल वाजवली. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे खरी, पण तिथे मी पगारपत्रकं करते. हे काकांना कधी पटलं नाही.

मी नेटवर शोधाशोध केली. “काका, तुम्ही ब्लॉगला ही जी जादा सोयींची प्लगिन जोडलीत ना, त्यातलं एखादं नव्या व्हर्जनशी भांडत असणार. सगळी बंद करायची आणि एकेक चालू करून बघायची.”

“म्हणजे लोड काढायचा!” काका खूश झाले. “मग आधीच सांगायचं ना!”

सगळी प्लगिन बंद केल्यावर ब्लॉग उघडला. मग एकेक चालू करत गेलो. घड्याळाचं चाललं, फोटोंचं चाललं. कॉमेंटचं चालू केलं आणि पान पुन्हा पांढरं.

“हेच ते,” मी म्हटलं. “जुनं झालंय. काढूनच टाकू या. नाहीतरी कॉमेंट करतंय कोण?”

“नको!” काका एवढ्या जोरात म्हणाले की मी माऊसवरचा हात काढला. “बाकी सगळं काढ. हे राहू दे.”

शेवटी त्याच प्लगिनचं नवं व्हर्जन सापडलं. ते टाकलं आणि जुन्या कॉमेंट परत दिसू लागल्या. काकांनी खुर्चीत अंग टाकलं.

मी कॉमेंट वाचू लागले. ‘चूक. कुत्र्याचं नाव मोती नव्हतं, वाघ्या होतं. – सुमन.’ ‘चूक. शाळा नदीच्या अलीकडे होती. – सुमन.’ जवळजवळ प्रत्येक लेखाखाली ही सुमन हजर.

“कोण हो या? तुमच्या शाळेतल्या बाई?”

“बहीण. धाकटी.” काका चष्मा पुसायला लागले. “तिच्या मुलीच्या लग्नात मी मामा. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. नेमका दुरुस्तीसाठी आमच्या प्लांटचा शटडाऊन निघाला. साहेब म्हणाले, परब, तुमच्याशिवाय कसं होणार? गेलो नाही. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.”

“पण काका, कुत्रा वाघ्याच ना? लिफ्टमध्ये तुम्हीच त्याची गोष्ट सांगितली होती मला.”

काकांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“बरोबर लिहिलं, तर ती कशाला येईल गं?”

त्याच दुपारी त्यांनी नवा लेख टाकला. आईच्या हातच्या घावण्यांवर. आई घावण्यांबरोबर नारळाच्या दुधात साखर घालून द्यायची, असं त्यात ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या दारात उभे. “वाच.”

‘चूक. साखर नव्हे, गूळ. आपल्या घरात साखर होती कुठे? आणि इतके दिवस ब्लॉग का उघडत नव्हता? रोज बघत होते. दादा, तुझी तब्येत बरी आहे ना?’

“दादा लिहिलंय,” काका म्हणाले. “आत्तापर्यंत कधी लिहिलं नव्हतं.”

“काका, फोन करा.”

“उचलेल?”

“करून तर बघा.”

लॅपटॉप माझ्याकडे देऊन ते गॅलरीत गेले. माझ्याकडे पाठ करून, फोन कानाला घट्ट दाबून उभे राहिले. पलीकडे रिंग वाजत असावी. मग त्यांनी एकदम कठडा धरला.

“हां, सुमे… मी.”

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती आणि काका नुसती मान हलवत होते. मी चहा ठेवायला आत वळले, तेव्हा त्यांचा आवाज आला. नेहमीपेक्षा बराच लहान.

“हो गं. गूळच. मला ठाऊक होतं.”