भाचीला कोण कामाला लावतं?

काम मिळणं अवघड असतं, असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं होतं. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा संपली त्या दिवशीच मी रविताला सांगून टाकलं, "सौंदडच्या आसपासच्या आंब्याच्या अर्ध्या बागा आमच्या नात्यातल्या आहेत. उद्या दुपारपर्यंत आपण झाडावर असू!"

"नातेवाईक काम देतात का पण?" रविताने विचारलं. ती माझी वर्गमैत्रीण, कापगत्यांची. तिला असे निराशाजनक प्रश्न पडत.

"ओळखीनेच तर काम मिळतं!" मी म्हटलं.

हे २००६ सालचं. मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला नागपूरला जायचं होतं. बाबांचा नकार नव्हता. नकार असता तर वाद तरी घालता आला असता. त्यांनी अट घातली.

"योगेश्वरी, परक्या लोकांत तुझा निभाव कसा लागन? एक काम कर. कोणाची तरी आंब्याची बाग पुरी तोडून दाखव, मजुरासारखी. अर्ध्यात उतरून आली, तर नागपूरचं नाव नाही काढायचं."

मी लगेच हो म्हटलं. बाबा इतके शांत का होते, याचा मी तेव्हा विचार करायला हवा होता.

रविताला बी.एड. करायचं होतं. तिच्या घरी अट नव्हती, फक्त पैशांची अडचण होती. म्हणून ती माझ्यासोबत आली.

पहिली बाग नंदलालजींची. आम्ही पोचलो तेव्हा ते मोटारसायकल पुसत होते.

"कोणाची वो तू?"

"दुर्गाप्रसाद बिसेनांची. आई राजकुमारी, माहेरची रहांगडाले." मी सगळं एका दमात सांगितलं. ओळख पूर्ण असावी.

नंदलालजींनी फडकं खाली टाकलं. "रहांगडाले? अरे बापा! मी पण रहांगडाले. म्हणजे तू आमची भाची!" एवढं बोलून त्या पिकल्या मिशांच्या माणसाने वाकून माझ्या पायांना हात लावला.

आमच्या पोवार समाजात मामा भाचीच्या पाया पडतो. आईच्या कुळातला प्रत्येक पुरुष मामाच. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण ते आंबे तोडण्याच्या आड येईल, हे ठाऊक नव्हतं.

"मामाजी, आम्ही काम पाहून राहिलो. आंबे तोडायचं."

"आधी जेव."

जेवलो. मग मी पुन्हा विषय काढला, तर मामी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "भाचीले कोणी कामाले लावते का! पाप लागते वो!" आणि पोवार नसलेल्या रविताकडे वळून म्हणाल्या, "तू ये बाई उद्यापासून."

रविता म्हणाली, "आम्ही दोघी सोबत आहोत." हे तिने फार चांगल्या चेहऱ्याने म्हटलं नाही.

दुसरी बाग केशोराव बिसेनांची. ते काका लागत होते. त्यांनी पाया पडणं वगैरे केलं नाही, उलट रागावले. "घरची पोर माझ्या बागेत मजुरी करन? गावात तोंड दाखवू का नको? दुर्गाप्रसादनं पाठवलं का तुले?" मग सुस्कारा सोडून म्हणाले, "आधी जेव."

बाहेर आल्यावर मी निष्कर्ष काढला. नातं जितकं जवळचं, काम तितकं दूर. आलेख काढला असता तर सरळ रेषा आली असती.

"तू आता बोलूच नको," रविता म्हणाली. "पुढच्या बागेत मी बोलते. तू मजूर आहेस. मजुराला मामा नसतो."

तिसरी बाग यादोरावांची. ते बागेतच उभे होते, काळे, उंच, आवाज असा की कच्चा आंबाही देठ सोडेल.

"कोणाची वो तू?"

"कापगते," रविता म्हणाली.

"आणि ही?"

"माझ्यासंगं आहे."

"बोलता नाही येत का हिले?"

"कमी बोलते."

मी खोटं बोलले नाही. मी फक्त गप्प राहिले. विज्ञानात याला निरीक्षण म्हणतात.

आम्हाला काम मिळालं! टोकाला जाळी बांधलेला बांबू, दोरीला बांधलेली टोपली आणि यादोरावांच्या शिव्या.

"ए मुकी! देठ ठेवून तोड! चीक सांडून राहिला आंब्यावर! काऊन वो, डोळे घरी ठेवून आली का?"

आंब्याच्या चिकाने माझे हात भाजले. सालटी निघाली. लाल मुंग्यांच्या अंगात फॉर्मिक आम्ल असतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आता ते मानेवरून पाठीत उतरत होतं. रात्री आई हातांना खोबऱ्याचं तेल लावायची आणि बाबा दुसरीकडे बघायचे. रविता माझ्या दुप्पट आंबे उतरवायची. पण मी टिकले. यादोराव ओरडत होते, म्हणजे मी मजूर होते. त्या शिव्यांत नागपूर दिसत होतं.

शेवटी एकच झाड राहिलं. बागेच्या कोपऱ्यातलं, जुनं. मी वर फांदीवर बसले होते. खालून यादोराव गरजत होते, "ए मुकी, हात चालव! झोपली का तिथं?"

तेवढ्यात बांधावरून एक मोटारसायकल आली. नंदलालमामा! मी पानांत तोंड लपवलं. पाय लपवायचे राहिले.

त्यांनी वर पाहिलं. गाडी उभी केली. चपला काढल्या. झाडाखाली आले, टाचा उंचावल्या आणि फांदीवरून लोंबणाऱ्या माझ्या पायांना दोन्ही हात लावून ते हात कपाळाला टेकवले.

यादोराव पाहतच राहिले. "काय करून राहिला गा नंदलाल? मजुराच्या पाया कायले पडतेस?"

"मजूर? अरे, ही राजकुमारीबाईची पोरगी! आपल्या रहांगडाल्यांची भाची!"

यादोरावही रहांगडाले होते. त्यांच्या हातातला बांबू खाली पडला. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या जिभेला हात लावला. "मी हिले मुकी म्हटलं. आंधळी म्हटलं. आणखी काय काय म्हटलं!"

"गाढव," रविताने आठवण करून दिली.

"उतर माय, उतर! पाप लागन माले!"

"हे झाड झाल्याशिवाय मी उतरणार नाही," मी म्हटलं. तिथे काम सुरू केल्यापासूनचं माझं पहिलं लांब वाक्य. "अर्ध्यात उतरले तर माझं नागपूर जाईल!"

"भाचीनं आणखी एक आंबा तोडला तर मी नरकात जाईन!"

ते खाली हात जोडून उभे, मी वर फांदीला धरून. नंदलालमामांनी खिशातून मोबाइल काढून बाबांना बोलावलं. गडी गोळा झाले. कोणी म्हणालं शिडी आणा, कोणी म्हणालं भाचीला हात कोण लावणार!

गलका ऐकून यादोरावांची आई, सुमित्राबाई, काठी टेकत आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग लेकाला म्हणाल्या, "भाचीकडून काम नाही घ्यायचं, पण भाचीले दान तर देता येते ना? हे झाड देऊन टाक तिले. आपल्या झाडाचे आंबे आपण तोडले, तर मजुरी कुठली?"

यादोरावांनी तिथेच तांब्या मागवला, माझ्या नावाने झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडलं आणि मोकळे झाले. मी पुढचा आंबा तोडला. देठ ठेवून.

बाबा आले तेव्हा शेवटची टोपली खाली येत होती. बाबा रहांगडाल्यांचे जावई, म्हणून यादोरावांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, हकिकत सांगितली. बाबांनी शांतपणे मुद्दा काढला.

"झाड तिचंच झालं. मग ही मजुरी कशी?"

मुद्दा बरोबर होता.

"मजुरी नाही झाली, जावईबापू," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण पोरगी अर्ध्यात उतरली का, तेवढं सांगा."

मी खाली आले. बाबांनी माझे हात उलटे केले, सुलटे केले. बराच वेळ धरून ठेवले.

स्कूटरवर परतताना ते एकदम म्हणाले, "नागपूरच्या वसतिगृहात खोबऱ्याचं तेल ठेवू देतात का?"

ही परवानगी आहे, हे मला सौंदडचं रेल्वे फाटक आल्यावर कळलं.

आता मी गोंदियाला कॉलेजात शिकवते. रविता शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि अजून मला मुकी म्हणते. झाड माझंच आहे. मात्र यादोरावमामा मला त्यावर चढू देत नाहीत आणि भाचीच्या झाडाला स्वतः हात लावत नाहीत. त्यामुळे दर उन्हाळ्यात मजूर मलाच शोधावे लागतात.

मागच्या मे महिन्यात कॉलेजातल्या दोन मुली बागेत आल्या. काम पाहिजे म्हणाल्या. एकीला मी लगेच बांबू दिला. दुसरी धीट होती, हात मजबूत होते. मी सहज विचारलं, "कोणाची वो तू?"

तिने एका दमात सांगितलं. तिची आई माहेरची बिसेन निघाली. म्हणजे आमच्या घराण्याची भाची!

"मावशी, मला पूर्ण झाड तोडायचं आहे," ती झाडाकडे बघत म्हणाली. "घरी सांगून आले आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. सगळं आठवलं.

"आधी जेव," मी म्हटलं.