शेजारी कोण बसणार, याचं वेळापत्रक

माणसांनी मिळूनमिसळून राहावं याबद्दल जगात कुणाचंच दुमत नाही. म्हणून तर त्यासाठी समिती नेमावी लागते. तीनशे बारा विद्यार्थ्यांच्या त्या छोट्या कला महाविद्यालयातली सौहार्द समिती नऊ जणांची होती (नऊही जण एकाच गल्लीत राहत, त्यामुळे एकमत पटकन होई).

त्या वर्षी लांबच्या मुलखातून एक मुलगी शिकायला आली. सगळे तिला ‘लांबची’ म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात माहितीपत्रकासाठी तिचे अकरा फोटो निघाले: पायऱ्यांवर सहा जणींच्या मधोमध हसताना, झाडाखाली हसताना, शब्दकोश उघडून हसताना. फोटो झाला की सहाही जणी जेवायला निघून जात. लांबची भोजनगृहात एकटीच जेवे आणि फोनवर सांगे, “हो आई, खूप मैत्रिणी आहेत.”

महिन्याभरात हे खोटं तिला जड झालं. ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली. ते तत्त्वज्ञान शिकवत.

“सर, माझ्याशी कोणी बोलत नाही.”

“असं कसं? आपल्याकडे एकोपा चौऱ्याण्णव टक्के आहे.”

“मला कोणी विचारलंच नव्हतं.”

“मग तुम्ही उरलेल्या सहा टक्क्यांत असाल,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले.

समिती मात्र हातावर हात ठेवून बसली नाही. लांबचीच्या शेजारी बसायला समितीनं मुलांचे वार लावून दिले. ज्याचा वार, तो ताट घेऊन येई, मोबाइल बघत जेवे आणि वहीत ‘संवाद झाला’ लिहून सही ठोके (एकानं वेळ वाचवायला आठवडाभराच्या सह्या सोमवारीच केल्या).

एका गुरुवारी स्वयंपाकीणबाई हात पुसत तिच्यासमोर येऊन टेकल्या. “काय गं, भाजी बिघडलीय की तू?”

लांबचीला रडू फुटलं. मग ती तासभर बोलत राहिली, आईबद्दल, धाकट्या भावाच्या खोड्यांबद्दल. बाईंनी मधेच उठून तिला गरम भात वाढला.

दुसऱ्या दिवशी बाईंना नोटीस मिळाली: वार नसताना संवाद केल्याबद्दल.

तेव्हापासून लांबची आत ओट्यापाशी स्टूल ओढून जेवू लागली. दोघींचं हसणं बाहेरच्या टेबलांपर्यंत ऐकू येई.

वार्षिक अहवालात एकोपा शंभर टक्के नोंदला गेला. भोजनगृहात एकटं जेवणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

हसू आलं असेल तर खुशाल हसा. मग गेल्या वर्षभरात आपल्या घरी जेवायला कोणकोण आलं होतं, तेवढं आठवून पाहा. समितीला अनुभवी सदस्य हवेच आहेत.