विचारलं तेवढंच

वकीलबाईंनी आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि सपाटून आपटल्या. खड्ड्यांचं काय करणार, या एका प्रश्नाला त्यांनी सभेत इतकं मुद्देसूद उत्तर दिलं होतं, की शेवटी टाळी वाजवायला खुर्च्या उचलणारा तेवढा उरला. तेव्हापासून त्या दुसऱ्या बायकांना उभं करू लागल्या. "बायांनो, भिता कशाला?" असं त्या सगळ्यांना ठणकावत. स्वतः त्यांना पुन्हा हरायची फार भीती वाटे, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी उभ्या केलेल्या पहिल्या दोघीही पडल्या होत्या. आता तिसरी पडली, की "या प्रभागात बाई चालत नाही" म्हणायला पक्षातली मंडळी टपूनच बसली होती.

तिसऱ्या होत्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई. वकीलबाईंशी त्यांची ओळख कोर्टातली. एका अपघाताच्या खटल्यात बाई साक्षीदार होत्या, तेव्हा वकीलबाईंनी त्यांना बजावलं होतं, "विचारलं तेवढंच सांगायचं. हो किंवा नाही. ठाऊक नसेल तर माहीत नाही. वर एक अक्षर नाही!" बाईंनी ते इतकं पाळलं, की समोरच्या वकिलाला घाम फुटला.

प्रचारसभेच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. "ताई, लोकांनी प्रश्न विचारले तर हो?"

वकीलबाई कोर्टाच्या जिन्यात होत्या. "साक्षीला बोललात ना, तश्शाच बोला!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना म्हणायचं होतं, न घाबरता. बाईंनी मात्र सल्ला शब्दशः घेतला.

सभेत पहिल्याच रांगेतले निवृत्त मास्तर उठले. "निवडून आलात तर पाणी रोज येईल?"

"नाही."

पुढे काही येईल म्हणून वकीलबाई थांबल्या.

"मग दिवसाआड?"

"माहीत नाही."

"राजकारणाचा काही अनुभव?"

"नाही."

एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे नवरा सांगेल तसं करणार!"

"नाही."

"घरीसुद्धा नाही करत," बाईंचे यजमान काकुळतीने म्हणाले, आणि बायकांच्या रांगा खदखदल्या.

"हरकत आहे!" वकीलबाई सवयीने उभ्या राहिल्या. "त्यांना असं म्हणायचंय, की—"

"तुम्ही बसा हो वकीलबाई," मास्तर म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तरं मिळतायत. बाई, खड्डे बुजवाल?"

"हो."

"आधी कुठला?"

"शाळेसमोरचा."

मास्तर खाली बसले. वकीलबाईही बसल्या. त्या खड्ड्यावर त्यांच्या पिशवीत अख्खं भाषण होतं.

बाई निवडून आल्या. निकालाच्या संध्याकाळी त्या वकीलबाईंच्या घरी आल्या, तेव्हा वकीलबाईंना आनंदाने रडूच फुटलं. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, एक विचारू? पुढच्या वेळी तुम्ही उभ्या राहणार?"

"त्याचं असं आहे," वकीलबाईंनी डोळे पुसून गळा साफ केला. "एक तर माझं वय. दुसरं म्हणजे कोर्टाची कामं. आणि तिसरा मुद्दा—"

"ताई, विचारलं तेवढंच. हो की नाही?"

वकीलबाईंचे यजमान हातात कप घेऊन दारातच थबकले. बायकोला घरात कुणी मध्येच थांबवलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"हो," वकीलबाई म्हणाल्या, आणि वर एक अक्षर नाही.