अप्पा आणि उतरलेला सेल

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला आमच्या शेजारचे अप्पा खोत सकाळपासून खुर्ची घेऊन उन्हामागे हिंडायचे. मुलाने कुवेतहून पाठवलेल्या तळहाताएवढ्या व्हिडिओ गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. ऊन तुळशीपाशी, तर अप्पा तुळशीपाशी. ऊन विहिरीकडे, तर अप्पा विहिरीकडे. निवृत्त ड्रिलमास्तरांचा व्यायाम काय तो एवढाच.

ज्यांच्या शिट्टीला अख्खी शाळा दचकायची, ते आता पडद्यावरच्या माकडाला पळवत बसत. डॉक्टरांनी बजावलं, "मास्तर, साखर वाढलीय. चालला नाहीत तर पाय गमवाल." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "डोकं पळतंय ना, मग झालं तर." डोकं असं पळत होतं की चहात मीठ पडे आणि सदरा उलटा चढे.

त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, त्या पायाची धास्तीच घेतली होती. गेम लपवून झाला, अबोला धरून झाला. अप्पा ढिम्म.

मग गेमचा बटणाएवढा सेल उतरला. तसला सेल मिळायचा फक्त खाली बाजारात, राम आळीत, हमीदभाई घड्याळवाल्यांकडे. अप्पा घाटीची उतरण चालत उतरून गेले, घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तोही उतरला. मग रोजच. "आखाती मालात दम नाय," असं पुटपुटत अप्पा निघायचे.

काकी मला हळूच म्हणाल्या, "हमीदभाई लोकांच्या घड्याळांतले काढलेले सेल देतात त्यांना. मीच सांगून ठेवलंय. बोलशील कुठे तर बघ हो." आणि शाळकरी पोरीसारख्या खुदकन हसल्या.

एकदा मीच हमीदभाईंकडे घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो, तर अप्पा त्यांना सांगत होते, "आज जरा जास्त उतरलेला द्या हो. कालचा संध्याकाळपर्यंत टिकला."

मी आ वासला. बाहेर आल्यावर म्हटलं, "अप्पा, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मेल्या, खोड्या पकडण्यात जन्म गेला माझा." त्यांनी सेल खिशात टाकला. "मुलगा तिकडे गेल्यापासून ती कशात रमत नव्हती रे. मी आपला गेममध्ये तोंड घालून बसलो, तिला तेवढंही नव्हतं. आता मला फसवते आणि दिवसभर गालात हसत असते."

चढणीला त्यांना धाप लागली, म्हणून मी रिक्षाला हात केला. अप्पांनी तो खाली ओढला.

"नको. फाटकात उभी असेल ती. मी चालत आलेला दिसू दे तिला."