सिनेमा होता तिथून दोनशे मीटर

सांता लुसेनाच्या रस्त्यांना पाट्या लावू म्हणत ज्यांनी निवडणुकांमागून निवडणुका जिंकल्या आणि एक खिळा ठोकला नाही, एव्हेलिओची नोकरी त्यांनीच खाल्ली. बाकीचं नंतर.

एव्हेलिओ जन्मभर घरं-जमिनी विकत आला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवणाऱ्या कंपनीत शिरला. जागा हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पहिला चार्जर सुरळीत चालू झाला की नोकरी कायम, असा त्याची साहेबीण येसेनिया हिचा शब्द होता.

उद्घाटनाला ती मुद्दाम बॅटरी तळाला आणून राजधानी सान होसेहून निघाली. रिकामी गाडी चारचौघांदेखत भरून दाखवायची होती. नकाशाने तिला कॉफीच्या मळ्यात नेऊन सोडलं. तिने फोन लावला.

"सोप्पंय बाई," एव्हेलिओ म्हणाला. "सिनेमापासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग अंजिराच्या झाडापासून पन्नास पश्चिमेला."

"सिनेमा कुठे दिसतोय?"

"तो जळाला."

"आणि झाड?"

"माझ्या लग्नाआधीच तोडलं."

"मग मी बघू काय?"

"बघायचं नसतं बाई. विचारायचं असतं."

तिने विचारलं, आणि नेमकं क्लेमेन्सिया आजींना विचारलं. आजी दार उघडून गाडीतच बसल्या. सिनेमा कुठे होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथेच शेवटच्या रांगेत आजोबांनी त्यांचा हात पहिल्यांदा धरला होता. पण वाटेत बेकरी लागायची तिथे बेकरी नव्हती, तिकीटवाल्याच्या घरावर तीन मजले चढले होते. आजी प्रत्येक वळणावर थांबायला लावत आणि डोळे पुसत. अशा एका थांब्यावर गाडीने मान टाकली.

मग गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे सिनेमा वर होता, कुणी म्हणे खाली. जो तो आपल्या तरुणपणाच्या दिशेने गाडी ढकलत होता. इकडे एव्हेलिओ चार्जरपाशी उभा, शेजारी पाद्रीबाबा तीर्थाचं भांडं घेऊन. गाडी पोचली तेव्हा पाहुणे तामाल खाऊन घरी गेले होते.

येसेनियाने आठवड्यात चार्जर उपटून हमरस्त्यावर नेला. एव्हेलिओ परत घरं विकायला लागला, गुडघे चोळत.

परवा तिचाच फोन आला. आजींच्या शेजारचं घर तिने भाड्याने घेतलंय म्हणे. त्या दुपारी आजींचा हात सोडवून घेणं तिला जमलंच नव्हतं. सामानाचा ट्रक मात्र कुठेतरी हरवला होता.

"तुम्ही पत्ता काय सांगितलात?" एव्हेलिओने विचारलं.

"चार्जर होता तिथून शंभर मीटर उत्तरेला."

एव्हेलिओ हसला नाही. टोपी चढवून ट्रक शोधायला निघाला.

सिनेमा गेला, झाड गेलं, चार्जर गेला. पाटीवाल्यांनो, आता हे सगळं आठवणारा एव्हेलिओ गेल्यावर आम्ही घरी कसं पोचायचं, तेवढं सांगा.