बापू डॉक्टरांच्या फोनवरची माणसं

बापू डॉक्टर मोबाईल न्हाणीघरात नेतात. खिडकीत, साबणाशेजारी, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. तो टिंग करून वाजला की कमरेला पंचा, डोक्यावर फेस अशा अवतारात बाहेर येतात आणि मधल्या कुंपणावरून मला ओरडून विचारतात, “वहिनी, कोण पडलं?”

पडलं म्हणजे आजारी पडलं. मला काय माहीत कोण पडलं! मी बापडी मागच्या दारी कोळंबी सोलत बसलेली असते. पण त्यांचा जीव राहत नाही. मेसेजात नुसते आकडे येतात, नाव येत नाही. मग तसेच ओल्या अंगानं एकेकाच्या घरी, नाहीतर शेजारी फोन लावत सुटतात. “हौसाबाय, बरी आहेस ना? म्हातारा? तोही बरा? मग पडलं कोण?”

नवीन माणसाला वाटेल, डॉक्टरांचं डोकं फिरलंय. तसं नाही हो. सांगते नीट. मध्येच वाहवत गेले तर सांभाळून घ्या, मला बोलायची सवय आहे, लिहायची नाही.

मी पेणची, लग्न करून रोह्याला आले. बापूंनी दवाखाना काढला तो आमच्या शेजारीच. आमच्या ह्यांचे ते दोस्त, म्हणून मी वहिनी. आता हे नाहीत, बापूंची बायको सुमन, तीही गेली. त्यांचा मुलगा परदेशात असतो, रविवारी फोन करतो आणि “बाबा, जेवलात का?” विचारतो. बापू “हो” म्हणतात. झालं बोलणं.

या माणसाला दोनच गोष्टींचं वेड. एक पेशंट आणि दुसरं परिपत्रक. सरकारचं परिपत्रक आलं की बापू ते छापून आणणार, दवाखान्याच्या ओट्यावर उभे राहणार आणि पोथी वाचावी तसं मोठ्यानं वाचणार. समोर धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट करून आलेले कामगार, खाडीकडच्या बाया, खोकणारी पोरं. सगळ्यांनी शेवटच्या “आदेशान्वये”पर्यंत ऐकायचं. त्याशिवाय पहिला पेशंट आत जात नाही.

त्यातच ते प्रोत्साहनाचं परिपत्रक आलं.

म्हणजे काय, तर आता प्रत्येकाला आरोग्याचा एक नंबर मिळतो. दवाखान्यांनी पेशंटची माहिती कागदावर न लिहिता कॉम्प्युटरवर लिहायची आणि त्या नंबराला जोडायची. तसं केलं की नोंदीमागे सरकार दवाखान्याला काही रक्कम देणार. मग तो पेशंट उद्या मुंबईच्या हॉस्पिटलात गेला, तिथं नंबर सांगितला, की त्याच्या मोबाईलवर आकडे येतात. ते आकडे तिथं सांगितले की त्याची मागची सगळी दुखणी तिथल्या डॉक्टरांपुढे हजर. आपण “ती पांढरी गोळी, अर्धी” असलं काही सांगत बसायला नको.

बापू त्या रकमेला पैसे म्हणत नाहीत. प्रोत्साहन म्हणतात. मी एकदा म्हटलं, “पैसे आले का हो सरकारचे?” तर म्हणाले, “वहिनी, पैसे लाच घेणाऱ्याला मिळतात. आपल्याला प्रोत्साहन मिळतं.”

कॉम्प्युटर आला, पण बापूंची बोटं त्यावर चालेनात. एका बोटानं ‘खोकला’ लिहीपर्यंत पेशंटचा थांबायचा. मग मला हाक मारली. माझी शाळा सातवीपर्यंत, पण मुलीला मेसेज लिहिता लिहिता मराठी टायपिंग माझं मीच शिकलेले. म्हणाले, “तुम्हाला लोकांना विचारायला आवडतं ना? बसा इथं, सरकारी परवानगीनं विचारा.”

मी बसले. आणि सांगते, या वयात मला खुर्ची देणारा हा एकच माणूस.

नोंद करायची तर पेशंटची संमती लागते. बापूंनी त्याचाही समारंभ केला. चष्मा पुसायचा, उभं राहायचं आणि विचारायचं, “तुमची माहिती जोडण्यास तुमची संमती आहे का?”

खाडीकाठच्या मिठागरात काम करणारी हौसाबाय पदर तोंडाला लावून हसत सुटली. “बापू, माजा लगीन झाला तवा पन कुनी इचारला नाय वो. आता या वयात संमती इचारताव?”

“हो की नाही ते सांग.”

“व्हय गो बाय, लिव,” ती मला म्हणाली. “नायतर हा मानूस बसायचा नाय.”

आता खरी गंमत ऐका. नंबर काढायचा तर मोबाईल लागतो. हौसाबायच्या घरात मोबाईल एकच, तिच्या मुलाचा. तो धाटावच्या कंपनीत. कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करायचा. म्हणजे आई हॉस्पिटलच्या काउंटरवर आणि आकडे गेटवरच्या पेटीत! मी विचारलं, “मग कुणाचा मोबाईल घालू?” हौसाबायनं बापूंकडे बोट दाखवलं. “यांचाच घाल. हे कुटं जातान?”

बापूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “घाला.”

झालं. हौसाबायचा नंबर त्यांच्या मोबाईलवर घातला, म्हणून तिच्या जावेचा घातला. जावेचा घातला, म्हणून अख्खी आळी आली. मग शेतावरच्या बाया, शिफ्टवाले, त्यांचे म्हातारे. माझासुद्धा तिथंच घातला, माझा तेव्हा साधा बटणांचा फोन, सारखा बंद पडायचा. बघता बघता निम्म्या खाडीपट्टीचं आरोग्य बापूंच्या खिशात. बँकवाले ओरडून सांगतात, आकडे कुणाला देऊ नका. इथं सगळ्यांचे आकडे एकाच माणसाकडे आणि कुणालाच काळजी नाही.

कुणी पनवेलला गेलं, नागोठण्याला गेलं, टिंग इथं वाजणार. मग तो पेशंट काउंटरवरच्या फोनवरून बापूंना फोन करणार, “बापू, आकडं सांगा.” आणि बापू म्हणणार, “आधी काय होतंय ते सांग, मग आकडे.”

मागं रांग लागलेली, काउंटरवरची मुलगी वैतागलेली, पण बापूंची तपासणी फोनवर चालू. जेवलास काय? जीभ कशी आहे? चिंबोऱ्या खाल्ल्यास? खरं सांग. ते आकडे थोड्या वेळानं बाद होतात. कितीदा तरी बाद झाले. मग परत नवे मागवायचे, परत टिंग.

मी हसायचे, पण एकदा माझ्यावरच आली. डोंबिवलीला मुलीकडे गेले होते, तिथं चक्कर येऊन पडले. मुलीनं हॉस्पिटलात नेलं, आकड्यांसाठी बापूंना फोन लावला. बापूंनी तिला रडूसुद्धा दिलं नाही. “आधी काय होतंय ते सांग.” मग म्हणाले, “आकडे लिहून घे आणि डॉक्टरांना फोन दे. वहिनींना सल्फाची गोळी चालत नाही, ते मला माझ्या तोंडानं सांगायचंय. कॉम्प्युटरवर आहेच, पण मला सांगायचंय.” आणि संध्याकाळपर्यंत तासातासाला फोन. मी डोळे उघडले तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, तुझे बापू मला झोपू देणार नाहीत बहुतेक.” असं कुणीतरी आपल्यामागे लागलेलं असणं, हे किती मोठं सुख आहे, ते मला त्या खाटेवर कळलं.

पहिलं प्रोत्साहन आलं तेव्हा बापूंनी पेणहून पोह्याचे पापड आणून सगळ्या पेशंटांना वाटले. बी.पी.वाल्यांनासुद्धा! आणि लगेच मला सांगितलं, “वहिनी, यांच्या नोंदीत लिहा, पापड-लोणचं बंद.”

मग नियम बदलला. महिन्याला ठरावीक आकड्याच्या वर ज्या नोंदी होतील, तेवढ्यांनाच प्रोत्साहन. ओट्यावर वाचन झालं आणि बापू पेटले. भाजीवाला आला, बसव त्याला. पोस्टमन आला, बसव. सत्यनारायणाला आलेले गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले होते, त्यांना धरून आणलं.

“पण मला काय झालंय?” गुरुजी म्हणाले.

“काही नाही. तेच लिहायचंय.”

नोंद झाली. ‘तक्रार : काही नाही.’ गुरुजी जाताना मला हळूच म्हणाले, “खरं तर गुडघा दुखतो हो.” मग परत बसवलं.

आणि मग आलं ते तिसरं परिपत्रक. ते बापूंनी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. असं कधी झालं नव्हतं. नोंदीला जोडलेला मोबाईल पेशंटचा स्वतःचा हवा, नाहीतर त्याच्या घरच्या माणसाचा. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरच्या नोंदी यापुढे धरणार नाहीत.

ओट्याखालून हौसाबायच आधी बोलली. “म्हंजे आमाला काडून टाकताव?”

“टाकत नाही. नियम आहे. तुझी माहिती, तुझी किल्ली. ती तुझ्याच हातात पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं.”

“मग आमी घरचीच की वो!”

“घरची म्हणजे एका घरात राहणारी,” बापू म्हणाले. नियमापुढे ते सख्ख्या भावाचंही ऐकणार नाहीत.

मी त्यांना म्हटलंसुद्धा, “नाही मिळालं प्रोत्साहन तर नाही मिळालं. राहू दे सगळी तुमच्याकडे.” तर चष्मा पुसत म्हणाले, “वहिनी, उद्या मी नसलो तर यांचे आकडे कुठं वाजणार?”

मग आम्ही एकेकाला सोडवत गेलो. लोक फोन घेऊन यायचे, कुणी मुलाचा, कुणी सुनेचा, हौसाबायनं तर बचत गटातून स्वतःचा घेतला, गुलाबी कव्हरचा. मी आकडे घालायचे, बापूंच्या फोनवरून एक माणूस कमी व्हायचं. बाया हिरमुसून जायच्या. लेक सासरी पाठवल्यासारखं वातावरण. बापू प्रत्येकीला म्हणायचे, “आकडे आले की जपून ठेव. कुणाला सांगू नकोस.” आणि मागून हळूच, “मला सांगितलेस तरी चालेल.”

सगळ्यात शेवटी माझा नंबर राहिला. मुलीनं मला चांगला मोबाईल दिला होता. मी माझं मीच करणार होते, पण बापू म्हणाले, “उठा, तुमचं मी करतो.” एका बोटानं टुकटुक करत बसले. माझा मोबाईल त्यांच्या हातात. एकदा टिंग वाजलं. मग जरा वेळानं पुन्हा वाजलं. मी म्हटलं, चुकलं असेल काहीतरी, बिचाऱ्यांना जमत नाही. मी चहा टाकायला गेले.

त्यानंतर बापूंचा फोन मुका झाला.

न्हाणीघरात तो अजून जात होता. पण बापू आता पूर्ण आंघोळ करून, भांग पाडून बाहेर यायचे. कुंपणापाशी उभे राहायचे. एकदा म्हणाले, “वहिनी, एक मिस कॉल द्या बघू. फोन चालू आहे ना बघतो.” मी दिला. वाजला. “चालू आहे,” म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आपली रोज एक मिस कॉल द्यायला लागले.

गणपतीच्या आधी बापू दरवर्षी पेणला कारखान्यात मूर्ती सांगून ठेवायला जातात. यंदाही स्वच्छ सदरा घालून निघाले. “गणपती सांगून येतो,” म्हणाले. मी म्हटलं, “येताना पापड आणा.”

दुपारी मी कोळंबी सोलत होते आणि माझा मोबाईल वाजला. टिंग. बघते तर आकडे. आरोग्याच्या नंबराचे.

मी तर घरात बसलेली. मुलीचा नंबर तिच्याकडे. मग पडलं कोण? माझ्या मनात एकदम तो दिवस आला. दोनदा वाजलेलं ते टिंग.

कोळंबीचे हात पदराला पुसले आणि फोन लावला. त्यांनी उचलला. मागं कुणीतरी मोठ्यानं नावं पुकारत होतं. मूर्तींच्या कारखान्यात असं पुकारत नाहीत.

“बापू,” मी म्हटलं, “कोण पडलं?”

पलीकडून म्हणाले, “ते आकडे जरा सांगा, वहिनी. बाद होतील.”

“आधी काय होतंय ते सांगा. मग आकडे.”

“अहो, मागं रांग आहे.”

“असू दे रांग.”

बापू खाकरले. आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न, पण उत्तर द्यायची सवय नाही. “चढ चढताना छातीत दाटतं. म्हटलं एकदा ई.सी.जी.ची पट्टी काढून घ्यावी. काही नसेल.”

“कधीपासून?”

“पावसाच्या आधीपासून.”

“आणि कुणाला बोलला नाहीत?”

“आता बोललो की.”

मला रागवायचं होतं, पण आवाज भलतीकडेच जायला लागला. म्हणून मी दुसरंच विचारलं. “आणि तुमच्या नंबराला माझा मोबाईल कुणाला विचारून घातलात हो? घरची म्हणजे एका घरात राहणारी, असं तुम्हीच ओट्यावर सांगितलंत ना?”

बापू हळूच म्हणाले, “मधलं कुंपण मी धरलं नाही, वहिनी.”

मी आकडे सांगितले. एकेक, सावकाश. ते बाद झाले होते. परत मागवले, परत टिंग वाजलं, परत सांगितले. मग कोळंबी झाकून ठेवली, हौसाबायच्या गुलाबी फोनवर फोन केला आणि आम्ही दोघी पेणच्या एसटीत बसलो. स्टॉपवर उतरून हॉस्पिटलला पोचलो तर तिच्या जावेनं खाडीपट्टीत आधीच कळवलेलं, दारात पेणला कामाला असलेली दोन पोरं आमच्या आधी हजर. देवाची कृपा, वेळेवर कळलं. गोळ्यांवर भागलं. आता बापू चढावरच्या घरांत तपासायला जात नाहीत, तिथले पेशंट उतरून त्यांच्याकडे येतात.

परिपत्रकाचं वाचन अजून होतं, खुर्चीत बसून. नियम पुन्हा बदलतील म्हणतात. बदलू देत.

माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाशेजारी, दुधाच्या पिशवीत आता माझा मोबाईल असतो.