दगडाखालचं कपाट

स्वयंपाकघराचा ओटा बदलला, तेव्हा जुन्या ओट्याचा काळा दगड उरला. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा असायचा. येता-जाता घरातल्या प्रत्येकाची करंगळी त्याने फोडली होती. शेवटी बायको म्हणाली, "देऊन टाकते कुणाला तरी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. (हे वाक्य माझ्या संसारात कुठेही बसतं.) पण मी म्हणालो, "कशाला? त्याच्याखाली मी कपाट करतो. वर मिक्सर, आत डबे."

"तुम्ही?"

या एका शब्दाने घात केला. नाहीतर मी विसरून गेलो असतो.

मी विमा कंपनीत कारकून. लोकांच्या घरांना काय धोका आहे ते दिवसभर तपासतो. स्वतःच्या घराला मीच धोका आहे, हे मात्र कळलं नाही. चार उभ्या पट्ट्या, दोन बाजू, दोन दारं, सगळं सरस लावून खिळ्यांनी ठोकलं. मागची फळी लावली नाही. मागे भिंतच होती, बघणार कोण? शेजारच्या जिमवाल्याने आपल्या दोन चेल्यांसह दगड उचलून वर ठेवला. कपाट उभं राहिलं. मी दोन पावलं मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. (हे बायकोला सांगितलेलं नाही.)

रविवारी ती बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आणायला गेली. कपाट बघायलाच येणार होते ते. माझ्या हातून कधी काही धड झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आज पाहतील, असं मनात घोळवत मी चहाचं आधण ठेवतोय, तोच कपाट कुरकुरलं. बघतो तर सगळा सांगाडा डावीकडे कललेला, दगडासकट.

धाबं दणाणलं. आतून एक तिरकी पट्टी ठोकावी म्हणून मी गॅस बंद केला, हातोडा घेतला आणि आत शिरलो. दोन खिळे मारले. दुसऱ्या खिळ्याला कपाट आणखी कललं आणि दारं आपोआप मिटून घट्ट अडकली. मी पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला रेटून बसलो. पाय जरा सैल सोडले की कुरकुर. डोक्यावर दगड, नाकात सरसाचा वास, पाठीत खिळ्याचं टोक. आपण आयुष्यात काय मिळवलं, हा प्रश्न मला तिथे फार जवळून दिसला. उत्तर दिसेना, अंधार होता.

कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"हे बघा बाबा, कपाट."

"अरे वा. जावईबापू कुठे आहेत?"

"असतील इथेच. चहा टाकते."

सासऱ्यांनी दगडावर दोन्ही हात टेकले असावेत, कारण माझे गुडघे कानाला लागले.

"मजबूत आहे हो," ते म्हणाले.

"बाबा, जरा हात काढता का?"

दगडावरचे हात झटकन उचलले गेले.

"कोण बोललं?"

"मी."

"कुठून?"

"आतून."

बायको जवळ आली. "आत काय करताय?"

"आधार देतोय."

"मग बाहेर या आता."

"मी आलो तर दगडही येईल."

यावर ती काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मला लाकडातूनही ओळखता येतं.

जिमवाला आणि चेले पुन्हा आले. त्यांनी दगड उचलून जमिनीवर ठेवला, दारं उचकटली आणि मला पाय धरून बाहेर ओढलं. मी सरळ होईना. तसाच दुमडलेला बसून पाहतो, तर माझ्यासमोर कपाटाने एक उसासा टाकला आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखं आडवं झालं.

कुणीच हसलं नाही. तेच फार लागलं.

सासऱ्यांनी फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकाने म्हणाले, "काही म्हणा, तुम्ही आत होतात तोवर कपाट भक्कम होतं."

माझे डोळे भरून आले. बायको मिक्सर कडेवर घेऊन विचारात पडली होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला ऑफिसातून रजा किती दिवस मिळेल?"